वालफ्रीड पाल्मग्रेन निघून गेल्या, तरी मुलांचं वाचनालय चाललं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवता. पीएच. डी. झाली आहे, नोकरी अजून कायम नाही, आणि दोन-तीन वर्षांत लग्न म्हणा, बदली म्हणा, गाव सुटणार हे जवळपास ठरलेलं आहे. तरी जाण्याआधी मुलांसाठी वाचनालय काढावं असं मनात आहे. वाचता वाचता तुम्हाला स्वीडनच्या वालफ्रीड पाल्मग्रेन सापडल्या. त्यांनी १९११ साली स्टॉकहोममध्ये मुलांचं वाचनालय उघडलं आणि त्याच वर्षी लग्न करून त्या डेन्मार्कला गेल्या. तुम्ही विचारलंय की अशा बाईंना संस्थापक म्हणावं का, आणि आपण राहणार नसू तर असलं काम अंगावर घ्यावं का. जाता जाता हेही विचारलंय की डॉक्टरेटचा या कामात काही उपयोग होतो का.

माझ्या मते हे तीन प्रश्न नाहीत, एकच आहे. मी नसताना ते चालेल का, एवढंच तुम्हाला विचारायचंय. वाचनालयाच्या बालविभागात बराच काळ काढल्यावर मी याचं उत्तर 'हो' असं देईन, पण ते सरसकट 'हो' नाही. तुमच्या गावात आधीपासून काय आहे यावर बरंच अवलंबून आहे, त्याकडे मी येतेच. आधी बाईंकडे नीट पाहू, कारण त्यांच्याबद्दल जे चार ओळींत लिहिलं जातं त्यात 'पहिल्या महिला' हे शब्द इतक्या वेळा येतात की त्यांनी नेमकं केलं काय ते झाकून जातं.

त्यांचा जन्म १८७७ चा, स्टॉकहोमचा. वडील कार्ल एडवर्ड पाल्मग्रेन यांनी त्याच्या आदल्या वर्षी शाळा काढली होती. मुलं-मुली एकत्र, आणि पुस्तकाबरोबर हातकामाला बरोबरीचा मान, असा तिचा बाणा. तेव्हा तिकडेही ही गोष्ट नवलाची होती. म्हणजे मुलं कशी शिकतात, काय हाताळतात, कशाला कंटाळतात हे या मुलीनं घरातच पाहिलं. स्वीडनमध्ये मुलींना विद्यापीठाचं दार १८७३ मध्ये उघडलं होतं आणि एलेन फ्रीस या पहिल्या स्त्रीला डॉक्टरेट मिळाली १८८३ मध्ये. वालफ्रीडबाईंनी उप्साला विद्यापीठातून १९०५ साली ती घेतली. विषय होता फ्रेंच व्याकरणाचा: गोष्ट सांगताना क्रियापदाचं मूळ रूप कसं वापरलं जातं. मुलांच्या वाचनालयाशी याचा संबंध लावायचा मोह मला होतो, पण लावत नाही. प्रबंध हा प्रबंध असतो, तो करून माणूस पुढे जातो.

त्याच वर्षी त्या स्टॉकहोमच्या राजग्रंथालयात लागल्या. तिथे काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण पद कसलं, तर नियमित आस्थापनेच्या बाहेरचं. स्वीडनमध्ये स्त्रियांना सरकारी पदांवर पुरुषांसारखी नेमणूक मिळण्याचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर बाई 'तासिका तत्त्वावर' होत्या. हे मी मुद्दाम सांगतेय. नोकरी कायम होईपर्यंत थांबावं असं तुम्ही लिहिलंय. त्या थांबल्या असत्या तर पंचेचाळिशी उलटली असती.

आता गंमत पहा. नोकरी देशातल्या सगळ्यांत प्रतिष्ठित ग्रंथालयात, आणि लक्ष गेलं कुठे, तर खेडोपाडीच्या मोडक्या कपाटांकडे. स्वीडनमध्ये १८४२ साली प्राथमिक शिक्षणाचा फतवा निघाला, त्यात पाद्र्यांनी आपापल्या गावात ग्रंथालयं निघावीत असं पाहावं अशी सूचना होती. निघालीही बरीच. पण शाळेत नाहीतर चर्चच्या खोलीत एक कपाट, किल्ली मास्तरांकडे, पुस्तकं बोधपर, आणि नव्या पुस्तकांना पैसा नाही. शतक संपता संपता त्यांतली कितीतरी निपचित पडलेली. विद्वानांसाठी मोठी ग्रंथालयं, आणि 'लोकांसाठी' गरिबाला घालावं तसं काहीतरी, अशी ती सरळ सरळ दोन ताटं. आपल्याकडच्या वाचनालयांत वावरलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही.

१९०७ मध्ये त्या सरकारी मदतीवर अमेरिकेला गेल्या. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहायची होती. त्या काळी तिकडे काय चाललं होतं हे डोळ्यांसमोर आणा. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत १८९६ पासून मुलांसाठी मुद्दाम बांधलेली खोली होती. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात मुलांच्या ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग होता. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ पासून अ‍ॅन कॅरोल मूर मुलांचं काम सांभाळत होत्या. बुटकी टेबलं, बुटक्या मांडण्या, गोष्टीचा तास, कितीतरी ठिकाणी आत आल्या आल्या हात धुवायला बेसिन. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच व्यवस्था: मुक्तद्वार. मूल स्वतः मांडणीशी जातं, पुस्तक काढतं, उलटतं, नको असेल तर परत ठेवतं. मध्ये कोणी नाही.

इथे जरा थांबते, कारण माझ्या अनुभवात सगळं इथेच अडतं. आमच्याकडे बालविभागाची पुस्तकं सुरुवातीला काचेच्या कपाटांत होती. काच, म्हणजे दिसतं सगळं. कुलूप, म्हणजे हात लागत नाही. मुलगा यायचा, काचेला नाक लावून उभा राहायचा आणि बोट दाखवायचा. आम्ही किल्ली शोधून पुस्तक काढून द्यायचो. एवढी खटपट झाल्यावर 'हे नको' म्हणायची त्याची छाती होत नसे. तो ते घरी न्यायचा आणि न वाचता परत आणायचा. कार्डावर नोंद पडायची, देवघेवीचा आकडा फुगायचा, आणि अहवालात सगळं छान दिसायचं. कुलपं काढल्यावर पहिल्या प्रथम काय दिसलं, तर मुलं पुस्तकं परत ठेवताना दिसली. एक मुलगी रोज यायची, चार पुस्तकं काढून प्रत्येकाचं शेवटचं पान वाचायची, तीन ठेवून द्यायची. पुस्तकं मांडणीत उलटसुलट पडायची, काही गहाळ झाली, बोरं खाऊन आलेल्या हातांचे डाग पडले. पण मुलं मांडणीशी रेंगाळायला लागली, आणि नेलेलं पुस्तक घरी वाचलं जायला लागलं. त्यानंतर दाखलअंकांच्या, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या, वहीत नव्या नोंदी करण्याइतकंच बाद करायच्या पुस्तकांच्या यादीवर मी लक्ष द्यायला लागले. न फाटलेली जुनी पुस्तकं मला खटकतात.

तर बाई परत आल्या आणि त्यांनी काय केलं? वाचनालय उघडलं, असं तुम्हाला वाटेल. नाही. आधी लिहिलं. १९०९ मध्ये त्यांचं प्रवासावर आधारलेलं पुस्तक आलं, ग्रंथालयं आणि लोकशिक्षण या विषयावर. त्यातला कणा हाच की ग्रंथालय हा दानधर्म नाही. श्रीमंत, गरीब, शिकलेला, न शिकलेला, सगळ्यांसाठी एकच ग्रंथालय असावं, आणि मूल त्यात पहिल्या दिवसापासून यावं. मग सरकारनं त्यांच्याकडे काम सोपवलं: देशातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी शासनानं काय करावं ते सुचवा. तो अहवाल १९११ मध्ये सादर झाला. दरम्यान १९०९ च्या कायद्यानं स्त्रियांना नगर परिषदांवर निवडून जाता येऊ लागलं होतं. १९१० च्या निवडणुकीत स्टॉकहोमच्या नगरसभेत दोघी निवडून गेल्या. एक समाजवादी गेरट्रूड मॉन्सॉन, दुसऱ्या पाल्मग्रेन, आणि त्या निवडून आल्या उजव्या पक्षाकडून. संसदेसाठी मत देण्याचा हक्क त्यांना तेव्हा नव्हता. तो पुढे मिळाला, आणि स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं ती निवडणूक १९२१ ची.

उजव्या पक्षाची बाई 'सगळ्यांना एकच ग्रंथालय' म्हणत होती, हे काहींना पचत नाही. मला त्यात विरोध दिसत नाही. वर्गावर्गांत तेढ वाढतेय, तर निदान वाचायच्या खोलीत तरी सगळ्यांची पोरं शेजारी बसू देत, असं म्हणायला माणूस डाव्या विचारांचाच असावा लागतो असं थोडंच आहे. शिवाय असा विचार त्या बाजूनं आला की तिजोरीच्या किल्ल्या असलेल्यांना तो ऐकावा लागतो. तुमच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात कोण कोणत्या गटाचं आहे हे तुम्हाला माहीत असेलच. सगळ्या गटांशी बोला.

स्टॉकहोमचं मुलांचं आणि तरुणांचं वाचनालय उघडलं ते यानंतर, १९११ च्या शेवटी शेवटी. म्हणजे बघा: आधी प्रवास, मग पुस्तक, मग नगरसभा, मग सरकारी अहवाल, आणि सगळ्यात शेवटी खोली. आपण नेमकं उलटं करतो. आधी फीत कापतो.

आणि त्याच वर्षी त्यांनी मुंक-पीटरसन या डॅनिश गृहस्थांशी लग्न केलं. नगरसभेतली जागा सुटली, राजग्रंथालय सुटलं, देशही सुटला.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. १९१२ मध्ये स्वीडनच्या संसदेनं ग्रंथालयांच्या अनुदानाचा निर्णय घेतला, तो बाईंच्या अहवालाच्या पायावर. अनुदान वाढलंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या खात्यात ग्रंथालय सल्लागार नेमायचं ठरलं. १९१३ पासून फ्रेड्रिक येल्मक्विस्ट आणि क्नूट टिनेल ही दोन माणसं पगारी कामाला लागली. गावोगावच्या ग्रंथालयांना पुस्तकं कोणती घ्यावी, मांडणी कशी करावी, अनुदानाचा अर्ज कसा भरावा हे सांगणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांतले येल्मक्विस्ट पुढे स्टॉकहोमच्या नगर ग्रंथालयाचे प्रमुख झाले. त्या ग्रंथालयाची गुन्नार आस्पलुंड यांनी बांधलेली गोल दालनाची इमारत १९२८ मध्ये उघडली, तेव्हा मुलांचा विभाग नकाशातच होता. त्यात गोष्टी ऐकायची वेगळी खोली, भिंतीवर नील्स दार्देल यांचं चित्र. त्या वेळी कोणाला मुलांसाठी जागा मागत फिरावं लागलं नाही. सतरा वर्षांपूर्वी जी गोष्ट एका बाईचा हट्ट होती, ती आता इमारतीच्या आराखड्यात गृहीत धरलेली होती.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, त्या संस्थापकच. रोज संध्याकाळी दार उघडायला त्या नव्हत्या, पण दार उघडणाऱ्याला पगार मिळेल, पुस्तकांना पैसा मिळेल आणि अडलं तर विचारायला माणूस असेल, याची तजवीज त्यांनी कागदावर करून ठेवली होती. आपल्याकडे मी याच्या उलटं कितीदा पाहिलंय. कोणी निवृत्त गुरुजी आपल्या ओसरीवर बालवाचनालय चालवतात. जीव ओतून चालवतात. मुलं त्याला 'आजोबांचं वाचनालय' म्हणतात, आणि तिथेच धोका असतो. आजोबांना मुलगा पुण्याला घेऊन जातो, ओसरीला कुलूप लागतं, पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर जातात. आजोबांची चूक एवढीच की नोंदवही त्यांच्या डोक्यात होती.

बाईंची नक्कल तुम्हाला जशीच्या तशी करता येणार नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्यामागे शिक्षणसंस्था चालवणारं घर होतं, राजधानीचं शहर होतं, मोठ्या लोकांत उठबस होती. परदेशी जायला सरकारनं पैसा दिला. आणि त्यांचा अहवाल वाचणारं सरकार होतं, जे सर्वांच्याच नशिबी नसतं. आणखी एक. देशभर काम पसरलं ते त्या सल्लागारांच्या आणि असंख्य अनाम ग्रंथपालांच्या कष्टानं, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. सगळं श्रेय एकीच्या पदरात घालायची गरज नाही.

आपल्या बाजूनं पाहिलं तर या गोष्टीला एक सख्खं भावंड आहे, आणि ते मराठी माणसानं विसरू नये. बाईंच्या आधी वर्षभर, १९०६ मध्ये, सयाजीराव गायकवाड अमेरिकेत होते आणि त्यांनाही तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी भारून टाकलं. त्याच वर्षी बडोदा राज्यात सक्तीचं शिक्षण सर्वत्र लागू झालं होतं. शिकलेली पोरं पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आ वासून उभा होता. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात मुलांची वेगळी खोली, स्त्रियांचा विभाग, खेड्यांत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या, हे सगळं उभं राहिलं. बोर्डन १९१३ मध्ये परत गेले. तुमच्यासारखाच तीन वर्षांचा मुक्काम, म्हणा ना. पण मागे ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं होतं, ते पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांसारख्या माणसांनी चालवलं. आणि पैशाची व्यवस्था मोठी हुशारीची होती: गावानं जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीनं द्यायची आणि तेवढीच सरकारनं. गावाचा स्वतःचा पैसा अडकल्यामुळे गाव लक्ष ठेवायचं. एकीकडे राजा, दुसरीकडे नियमित नोकरीही नसलेली विदुषी. दोघांनी अमेरिकेतून एकच गोष्ट आणली आणि दोघांनी ती टिकवली ती खातं आणि अनुदान या रुक्ष मार्गानंच.

आता तुमचं गाव. परिस्थिती तीन प्रकारची असू शकते, आणि माझा सल्ला तसा बदलेल.

गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल, तर नवं काही काढू नका. अजिबात नको. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, वर्गवारी आहे, दर वर्षी अनुदान आहे. स्वीडनला असा कायदा करायला १९९६ उजाडलं, तोवर त्यांनी अनुदान आणि सल्लागारांवर भागवलं. म्हणजे त्या अंगानं तुम्ही बाईंपेक्षा पुढे उभ्या आहात. आपल्याकडे कायदा आहे आणि बालविभागही बहुतेक ठिकाणी आहे, कागदावर. प्रत्यक्षात कोपऱ्यातलं एक कपाट, त्यात कोणीतरी दिलेली थोरांची चरित्रं आणि दहा वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक. ते कपाट मागा. जागा नव्यानं मागितली तर मंडळ पाच बैठका घेईल, पण धूळ खात पडलेलं कपाट देताना कोणाचंच काही जात नाही.

वाचनालय नसेल पण जिल्हा परिषदेची किंवा खासगी शाळा असेल, तर शाळेतून सुरू करा, मात्र शाळेच्या वेळेबाहेर आणि शक्यतो अशा खोलीत जिचं दार रस्त्याकडे उघडतं. शाळेचं ग्रंथालय हे शाळेतल्या मुलांचं असतं. शाळा सोडलेली, दुसऱ्या शाळेतली, वीटभट्टीवरची पोरं तिथे येत नाहीत. इथे अडचण मुख्याध्यापकांची असते. चांगले असतील तर सगळं सुरळीत, आणि त्यांची बदली झाली की पुन्हा पहिले पाढे. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, तोंडी परवानगीवर राहू नका.

दोन्ही नसेल, म्हणजे तुम्ही आणि चार मैत्रिणी एवढंच असेल, तर दोन-तीन वर्षांत स्वतंत्र वाचनालय उभं करायच्या भरीला पडू नका असंच मी म्हणेन. ग्रंथपेट्या करा. एका पेटीत मोजकी, निवडक पुस्तकं, झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली, आणि पेटी महिनाभर एका वस्तीत एका घरी. ज्या घरी पेटी, त्या घरची बाई किंवा मोठी मुलगी नोंद ठेवते. तुम्ही गेल्यावर पेटी बंद पडली तरी इमारत ओस पडल्याचा बोभाटा होत नाही, आणि चालली तर कुठल्या घरात काम करणारी माणसं आहेत हे गावाला कळलेलं असतं.

परिस्थिती कुठलीही असो, काही गोष्टी पहिल्या महिन्यातच करून टाकाव्यात. पहिली गोष्ट दुसरी व्यक्ती. मदतनीस नव्हे, जिच्याकडे आठवड्यातले काही दिवस संपूर्ण कारभार असेल अशी. तुम्ही त्या दिवशी फिरकायचंच नाही. गोंधळ होईल, होऊ द्या. दुसरी, नोंदवही अशी लिहा की अनोळखी माणसानं उघडली तरी कळावं: कोणती पुस्तकं, कुठून आली, कोणाकडे आहेत, पैसे किती, कोणाच्या नावावर. तिसरी, वर्गणी. फुकट ठेवायचं असेल तर ठेवा, मी त्याच बाजूची आहे, पण मग पैसा कुठून येणार हे आधी ठरवा. नगरपालिका, ग्रामपंचायत, व्यापारी, माजी विद्यार्थी, जे असेल ते, पण दर वर्षी येणारं हवं. एकरकमी मोठी देणगी मला आवडत नाही. तिच्यातून कपाटं येतात, पाटी येते, उद्घाटन होतं, आणि दुसऱ्या वर्षी नव्या पुस्तकांना छदाम नसतो. मुलांचं पुस्तक मोठ्यांच्या पुस्तकापेक्षा फार लवकर झिजतं. जी पुस्तकं खरोखर वाचली जातात त्यांची बांधणी वर्षा-दोन वर्षांत सुटते, आणि तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यावं लागतं. हा खर्च देणगीदाराला समजावून सांगणं कठीण, कारण त्याला नवं काहीतरी दिलेलं दिसायला हवं असतं.

राहता राहिलं तुमच्या डॉक्टरेटचं. उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतो त्या ठिकाणी नाही. मुलांशी बोलायला तिचा काडीचा उपयोग नाही, आणि पुस्तकनिवडीत तर ती आडवी येते. शिकलेल्या माणसाला 'सकस' पुस्तकं आणायची घाई असते. मूल मात्र विनोदाची, भुतांची, चित्रांची, तीच तीच पुस्तकं दहादा नेतं, आणि त्या दहाव्या वेळेनंतर कधीतरी शेजारच्या मांडणीकडे वळतं. तेवढा धीर धरावा लागतो. उपयोग होतो तो कागदावर. पाल्मग्रेनबाईंचं प्रवासाचं पुस्तक आणि सरकारला दिलेला अहवाल हे अभ्यासकाचं काम होतं: जाऊन पाहणं, ताडून बघणं, मुद्दा पुराव्यानिशी मांडणं, आणि अधिकाऱ्याला नाही म्हणायला जागा न ठेवणं. गावातल्या किती जणांना हे येतं? मुख्याधिकाऱ्यांना दोन पानांचं पत्र लिहायचं, त्यात गावात शाळेत जाणारी मुलं किती, बालविभागात सभासद किती, पुस्तकांवर गेल्या वर्षी खर्च किती, हे मांडायचं, हे तुम्ही एका संध्याकाळी कराल. आमच्यासारख्यांना त्याला महिना लागतो.

आणि बाईंचं पुढे काय झालं असंही तुम्ही विचारलंय, म्हणजे त्या संसारात बुडाल्या का. नाही. कोपनहेगन विद्यापीठात त्या स्वीडिश शिकवायला लागल्या, पाठ्यपुस्तकं केली. १९४४ मध्ये एका सहलेखिकेबरोबर स्वीडिश आणि डॅनिश भाषांतल्या फसव्या सारखेपणावर पुस्तक काढलं. १९६७ साली, नव्वदीच्या सुमारास, त्या गेल्या. ग्रंथालयांसाठी झपाटल्यासारखं काम केलं ते १९०५ ते १९११ या सहा-सात वर्षांत, आणि मग त्या पुन्हा आपल्या भाषेच्या अभ्यासाकडे वळल्या. स्टॉकहोमच्या वाचनालयावर दुरून हुकूम सोडत बसल्या नाहीत. तुम्हीही गाव सोडलंत की मंडळाच्या प्रत्येक निर्णयावर फोन करू नका. पुस्तकं पाठवा.

कामाला लागायचं असेल तर वाचनालयाच्या पुढच्या सर्वसाधारण सभेची तारीख आधी विचारून घ्या. बालविभागाची पुढच्या वर्षाची तरतूद त्याच सभेत मांडून घेता येते. ती सभा हुकली तर तुमच्या दोन-तीन वर्षांतलं एक वर्ष तिथेच गेलं.